कोश घ्यावा की मूळ कागद वाचावेत?
आंतरराष्ट्रीय संबंधांच्या इतिहासासाठी एकखंडी कोश घेऊ की अमेरिकी सरकारची ‘फॉरेन रिलेशन्स ऑफ द युनायटेड स्टेट्स’ ही दस्तऐवजमाला वाचू, असं एका मैत्रिणीनं विचारलं.

खर्चात माला सरस, नेटवर फुकट आहे. वेगात कोश: नेपोलियननंतर युरोपची घडी बसवणारी व्हिएन्ना परिषद कधीची? १८१४-१५, दोन मिनिटांत काम झालं. खोलीत मात्र माला कितीतरी पुढे. मालेतला १९७१ च्या दक्षिण आशिया संकटाचा (बांगलादेश युद्धाचा) खंड उघडा. अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष निक्सन आणि त्यांचे सल्लागार किसिंजर यांची बोलणी तारीख-तळटिपांसह समोर येतात. कोशात तेच चार ओळींत आटोपतं. पण १८६१ पासूनची ही माला एकाच देशाच्या दप्तरातली. ढाका त्यात प्रामुख्यानं अमेरिकी अधिकाऱ्यांनी पाठवलेल्या तारांमधूनच (टेलिग्राममधून) दिसतं.

परीक्षेला, सनावळी पडताळायला कोश घ्या. प्रबंध लिहिणार असाल तर मालाच, आणि जोडीला समोरच्या देशाचेही कागद.