गेनेतेका: कोवाल्स्की मूळचे कुठले, हे शोधायचं असेल तर

शिकागोतला, कुरितिबातला किंवा डॉर्टमुंडमधला कोवाल्स्की मूळचा पोलंडमधल्या कोणत्या गावचा, हे नुसत्या आडनावावरून कळत नाही. आडनावांचे रंगीत जागतिक नकाशे पाहूनही कळत नाही. ते कळतं चर्चच्या किंवा नगरपालिकेच्या वहीतल्या नोंदीवरून. त्या नोंदीपर्यंत पोचवणाऱ्या फुकट साधनांत गेनेतेका ही ऑनलाइन सूची सगळ्यांत भरवशाची. पोलिश वंशावळी मंडळ ही सेवा चालवतं. जुन्या वह्या वाचून एकेक ओळ भरण्याचं काम स्वयंसेवक करतात. नोंदणी नाही, वर्गणी नाही, जाहिरातींचा भडिमार नाही. संकेतस्थळ पोलिशबरोबर इंग्रजीतही उघडतं. मात्र ती कशी वापरायची हे माहीत नसेल, तर चुकीच्या माणसाला पणजोबा मानण्याची पुरेपूर सोय तिथे आहे. म्हणून हे परीक्षण जरा तपशिलात.

आधी आडनावाचं. ‘कोवाल’ म्हणजे लोहार. पोलिश आडनावांतला ‘-स्की’ पुष्कळदा आपल्या ‘-कर’सारखं काम करतो. कोवाल, कोवाले, कोवालेवो अशा नावांची गावं पोलंडभर विखुरलेली आहेत आणि तिथले ते कोवाल्स्की, जसे पुण्याचे पुणेकर. व्वोत्स्वावेकजवळचं कोवाल हे त्यांतलं प्रसिद्ध गाव, कारण १३१० मध्ये राजा काझिमिएझ तिसरा तिथे जन्मला. पण ‘-स्की’ला सरदारी वजन होतं. त्यामुळे कितीतरी साध्या लोहारांच्या घराण्यांनीही तो नंतर लावून घेतला. म्हणजे कोवाल्स्की हे एक कुळ नव्हे. एकमेकांशी काडीचाही संबंध नसलेल्या शेकडो घरांचं ते समान आडनाव आहे, आणि त्यांत कॅथलिकांबरोबर ज्यू कुटुंबंही आहेत. या आडनावाचं कुलचिन्ह छापून विकणाऱ्यांकडून काहीही घेऊ नका.

पोलंडमध्ये आज किती कोवाल्स्की आहेत, याचा आकडा सरकारच देतं. नागरिकांच्या नोंदवहीवरून काढलेल्या आडनावांच्या याद्या सरकारी खुल्या विदेच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात. पुरुषांची यादी वेगळी, स्त्रियांची वेगळी. इथेच पहिली चूक होते. पुरुष कोवाल्स्की, स्त्री कोवाल्स्का. एकच यादी पाहिली तर निम्मं आडनाव गायब होतं. दोन्ही धरून हे आडनाव सव्वा लाखाच्या वर जातं आणि सुमारे २ लाखांच्या नोवाकनंतर दुसरं येतं. नोवाकला मात्र ही अडचण नाही, ते दोन्ही याद्यांत सारखंच लिहितात. अर्थ आणि व्युत्पत्तीसाठी पोलिश विज्ञान अकादमीच्या पोलिश भाषा संस्थेचा ऑनलाइन आडनाव कोश पाहावा. त्याच्या तोडीचं दुसरं फुकट साधन नाही.

आता गेनेतेका. आडनाव टाकून शोध घेतला की कोणत्या प्रांतात किती जन्म, लग्नं आणि मृत्यू सापडले हे दिसतं. प्रांत आजच्या पोलंडचे १६, वॉर्सा वेगळं, आणि युक्रेन, बेलारूस, लिथुआनिया यांचे स्वतंत्र विभाग. हे आकडे पाहून ‘माझोव्हियात (वॉर्साभोवतालच्या प्रांतात) सर्वांत जास्त, म्हणजे घराणं तिथलंच’ असा निष्कर्ष बहुतेक जण काढतात, आणि तो चुकतो. जिथल्या वह्या जास्त भरल्या गेल्या तिथला आकडा फुगतो. एखाद्या पॅरिशची, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या भागाची, १८२६ ते १८६७ पर्यंतचीच वर्षं भरलेली असतील, तर १८८० चा जन्म तिथे कधीच सापडणार नाही. कोणत्या पॅरिशची कोणती वर्षं भरली आहेत याची यादी गेनेतेकावरच आहे. शोध घेण्याआधी ती उघडून बघा. ‘सापडलं नाही’ आणि ‘अजून भरलं नाही’ यांतला फरक फक्त तिथेच कळतो.

कोवाल्स्कीसारख्या आडनावाला नुसतं आडनाव टाकणं निरर्थक, हजारो ओळी येतात. खरी ताकद जोडीच्या शोधात आहे. पहिल्या रकान्यात वडिलांचं आडनाव, दुसऱ्यात आईचं माहेरचं आडनाव, जोडी म्हणून शोधण्याच्या चौकोनात खूण, आणि वर्षांची मर्यादा २५ वर्षांच्या आसपास. जन्मांच्या यादीत त्या जोडप्याची सगळी मुलं एकाखाली एक येतात. मुलांच्या जन्मगावांवरून कुटुंब कधी कुठे हललं तेही दिसतं. मग तेच लग्नांच्या यादीत करा. लग्नाच्या नोंदीत वर आणि वधू दोघांचेही आईवडील मिळाले, तर एका झटक्यात पिढी मागे जाता येतं. शोध एरवी मिळत्याजुळत्या रूपांसकट चालतो. ‘नेमका शोध’ निवडला की फक्त तेच रूप. सुरुवातीला नेमका शोध नकोच, कारण शंभर वर्षांपूर्वीच्या भटजींप्रमाणे तिथले पाद्रीही एकच आडनाव तीन प्रकारे लिहीत.

ओळीच्या टोकाला असलेल्या छोट्या ‘आय’ खुणेवर बोट न्यायला विसरू नका. नेमकी तारीख, वय, विधुर की विधवा, अशी माहिती तिथे दडलेली असते. आणि गाव व पॅरिश वेगळे वाचा. पॅरिशचं नाव म्हणजे चर्च जिथे आहे त्या ठिकाणाचं नाव. माणूस त्या चर्चच्या हद्दीतल्या एखाद्या वाडीवरचा असू शकतो.

ओळ सापडली म्हणजे काम झालं असं नाही, ती फक्त सूची आहे. मूळ पान पाहिल्याशिवाय काही नक्की मानू नये. काही ओळींना छायाचित्राचा दुवा असतो. नसेल तर राज्य अभिलेखागारांच्या मोफत शोध संकेतस्थळावर पॅरिश, वर्ष आणि नोंद क्रमांक घेऊन जायचं. वहीच्या शेवटी त्या वर्षाची अक्षरानुक्रमे सूची असेल तर आधी ती पाहा, क्रमांक पडताळता येतो. पानावर काय दिसेल ते भूभागावर ठरतं, कारण त्या काळात पोलंड रशिया, ऑस्ट्रिया आणि प्रशिया यांच्यात वाटलेलं होतं. पुढे रशियन अमलाखाली गेलेल्या पोलंडमध्ये १८०८ पासूनच्या नोंदी सलग परिच्छेदात, पोलिशमध्ये. १८६८ पासून त्याच रशियनमध्ये. तिथे तारखाही दुहेरी असतात, ज्युलियन आणि ग्रेगोरियन या दोन दिनदर्शिकांत १९ व्या शतकात १२ दिवसांचा फरक आणि १९०० नंतर १३. ऑस्ट्रियाच्या गालिसियात लॅटिन तक्ते, वाचायला सर्वांत सोपे. प्रशियाच्या भागात १ ऑक्टोबर १८७४ पासून सरकारी कार्यालयाच्या जर्मन नोंदी.

पोलिश पानावर विभक्ती घात करते. ‘कोवाल्स्किएगो’ हे वेगळं आडनाव नव्हे, कोवाल्स्कीचीच षष्ठी, जशी आपल्याकडे गोखल्यांची, कुलकर्ण्यांची. ‘झ कोवाल्स्किख’ असं स्त्रीच्या नावामागे आलं की ती कोवाल्स्कींची माहेरवाशीण. नोवाकसारख्या आडनावांत जुन्या काळी बायको ‘नोवाकोवा’ आणि अविवाहित मुलगी ‘नोवाकुव्ना’ होई. हे तिन्ही लोक एकाच घरातले.

खरा गोंधळ सीमेबाहेर सुरू होतो. अमेरिका, जर्मनी, ब्राझील इथे स्त्रीचं ‘-स्का’ बहुतेक गळून पडलं आणि सगळेच कोवाल्स्की झाले. लिथुआनियात तेच कोवाल्स्किस, आणि बायको कोवाल्स्किएने. इंग्रजी बोलणाऱ्या देशांत वर्णाक्षरं बदलली, किंवा सरळ भाषांतर होऊन स्मिथ उरला. आडनाव आखूड करण्याची उदाहरणं सर्वश्रुत आहेत. अमेरिकी सिनेटर एडमंड मस्कींचे वडील मार्चिशेव्स्की होते. फ्रेंच फुटबॉलपटू रेमों कोपा मूळचा कोपाशेव्स्की, १९३१ मध्ये उत्तर फ्रान्सच्या खाणपट्ट्यात पोलिश कुटुंबात जन्मलेला. १९१९ च्या फ्रान्स-पोलंड करारानंतर खाणकामगारांची मोठी लाट तिकडे गेली. त्याआधी जर्मनीच्या रूर खोऱ्यात गेली होती, आणि तिथे शिमान्स्कीचं लेखन जर्मन वळणाचं झालं. ब्राझीलच्या पाराना राज्यात पोलिश वसाहती १८७० च्या दशकापासून. गेनेतेकाच्या यादीत शोधताना यांतलं प्रत्येक रूप मूळ पोलिश लेखनात परत न्यावं लागतं.

इथे देवनागरी उपयोगी पडते. आडनाव कानाला येतं तसं आधी देवनागरीत लिहा: शिमान्स्की, दोंब्रोव्स्की, वुकाशेविच. मग तोच उच्चार जर्मन, इंग्रजी आणि पोलिश कसा लिहितील याच्या तीन याद्या करा. पोलिश ‘एल’वर तिरकी रेघ असेल तर उच्चार ‘व’ होतो आणि परदेशी कागदावर ती रेघ हमखास गळते, म्हणून वुकाशेविच तिकडे ‘लुकासेविक्झ’ होऊन बसतो. ‘दों’मधला अनुनासिक स्वर जर्मनीत ‘ओएम’ असा लिहिला जातो. या याद्या हाताशी असल्या की निम्मा शोध संपतो.

अमेरिकी जुन्या सूच्यांमध्ये वापरला जाणारा साउंडेक्स संकेत (सारख्या उच्चाराची आडनावं एका गटात टाकणारा) पोलिश आडनावांवर कसा आपटतो ते पाहा. तो ‘डब्ल्यू’ वगळतो आणि ‘व्ही’ मोजतो. त्यामुळे ‘डब्ल्यू’वाला कोवाल्स्की के-४२० आणि ‘व्ही’वाला के-१४२. एकाच माणसाची दोन रूपं कधीच एकत्र येणार नाहीत. १९८५ मध्ये गॅरी मोकोटॉफ आणि रँडी डाइच यांनी पूर्व युरोपीय नावांसाठी बनवलेल्या पद्धतीत दोन्ही ५७८४५० होतात. जिथे ती पद्धत निवडता येते तिथे तीच निवडा. न्यूयॉर्कला उतरलेल्यांच्या जहाज याद्यांसाठी स्टीफन मोर्स यांची ‘वन-स्टेप’ शोधपृष्ठं तीही सोय देतात. न्यूयॉर्कला उतरणाऱ्यांची तपासणी होई त्या एलिस बेटावरच्या कारकुनांनी आडनावं बदलली, ही लोकप्रिय समजूत खोटी आहे. जहाजाची यादी हॅम्बुर्ग किंवा ब्रेमेनसारख्या बंदरात, चढतानाच तयार होई. म्हणूनच तीत मूळ लेखनाच्या जवळचं रूप, आणि पुढच्या वर्षांत शेवटचं वस्तीचं गावही मिळतं. गेनेतेकाकडे वळण्याआधी ते गाव हातात असणं म्हणजे अर्धी लढाई जिंकणं.

आडनावांचा जगभरातला प्रसार दाखवणाऱ्या व्यापारी संकेतस्थळांचे आकडे अंदाजी असतात. कोवाल्स्का वेगळी, ‘व्ही’वाला वेगळा, युक्रेनी कोवाल्स्की तिसरीकडे. कुतूहलापुरतं पाहायला ठीक. मूळ गाव ठरवायला अजिबात नको.

गेनेतेकाची कमकुवत बाजू म्हणजे पश्चिम पोलंड. पोझनान भागातल्या १८०० ते १८९९ च्या लग्नांसाठी पोझनान प्रोजेक्ट हा वेगळा, तितकाच मोफत आणि तितकाच उत्तम. त्याच भागासाठी बासिया ही सूची. पोमेरेनिया आणि लुब्लिनला आपापल्या मंडळांच्या सूच्या आहेत. हे सगळं एका जागी नाही, ही पोलिश शोधाची सर्वांत त्रासदायक गोष्ट. आणखी एक मर्यादा कायद्याची: जन्मनोंदी १०० वर्षं, लग्न आणि मृत्यूच्या नोंदी ८० वर्षं नोंदणी कार्यालयाकडेच राहतात. त्या काळातला दाखला ती व्यक्ती, तिचा जोडीदार, थेट पूर्वज, थेट वंशज, भावंडं, कायदेशीर प्रतिनिधी किंवा कायदेशीर हितसंबंध दाखवणारा, यांनाच मिळतो. शुल्क संक्षिप्त दाखल्याला २२ झ्वोटी आणि पूर्ण नकलेला ३३. पूर्ण नक्कलच मागा.

मराठी वाचकाच्या दाराशी असलेलं एक प्रकरण याच वाटेनं सुटतं. कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात १९४३ ते १९४८ या काळात सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहिले, बहुतेक स्त्रिया आणि मुलं. १९४० आणि १९४१ मध्ये सोव्हिएत सत्तेनं पूर्व पोलंडमधून हद्दपार केलेली ही कुटुंबं इराणमार्गे इकडे आली, आणि पुढे ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिकेत पांगली. वळिवड्याच्या कागदातलं आडनाव घेऊन आजच्या पोलंडच्या प्रांतांत शोधणं म्हणजे वेळ घालवणं, कारण त्यांतल्या बहुतेकांची मूळ गावं आज युक्रेन, बेलारूस किंवा लिथुआनियात आहेत. गेनेतेकावर ते तीन विभाग उघडा. हद्दपारीची नोंद हवी असेल तर कार्ता केंद्रानं उभी केलेली दडपशाहीग्रस्तांची सूची पाहा, तीत वडिलांचं नाव आणि जन्मवर्षही असतं, त्यामुळे एकाच आडनावाचे दोघे वेगळे काढता येतात. पूर्व गालिसियातल्या जुन्या वह्या वॉर्साच्या आगाद अभिलेखागारात आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच ऑनलाइन आहेत. शंभर वर्षं न झालेल्या जन्मासाठी त्या गावी पत्र पाठवण्याआधी वॉर्साच्या नोंदणी कार्यालयात विचारा. बुग नदीपलीकडच्या, म्हणजे आजच्या पूर्व सीमेपलीकडच्या, वाचलेल्या वह्या तिथे ठेवलेल्या आहेत.