परदेशातून वस्तू मागवताना: टपाल, कुरिअर की प्रवाशाची बॅग?

परदेशी दुकानातून काही मागवायचं म्हटलं की बहुतेक जण आधी ड्युटीचा दर शोधतात. दर बघावाच, पण तो मुख्यतः वस्तूवर ठरतो. मार्ग बदलला की कस्टमचं घोषणापत्र भरणारा बदलतो, कर भरायची वेळ बदलते आणि अडलं तर कोणाचं दार ठोठवायचं तेही बदलतं. माझ्या मते निवड यावरून करावी.

त्याआधी थोडा हिशेब. बऱ्याच देशांत ड्युटी नुसत्या किमतीवर लागत नाही. किंमत, वाहतूक आणि विमा यांच्या बेरजेवर लागते. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया हे ठळक अपवाद. मग त्या बेरजेत ड्युटी मिळवून वर व्हॅट किंवा जीएसटी. समजा वस्तू १०० ची, वाहतूक २० ची, ड्युटी १० टक्के आणि व्हॅट २० टक्के. ड्युटी होते १२, आणि १३२ वरचा व्हॅट २६.४. ‘दहा अधिक वीस, म्हणजे तीस’ असं धरून बसलेल्याला ३८.४ मोजावे लागतात. एक्स्प्रेस पाठवणी निवडली तर तिच्या भाड्यावरही असाच कर चढतो.

टपालात पाठवणारा पार्सलवर सीएन २२ किंवा सीएन २३ हा कस्टम घोषणेचा फॉर्म लावतो आणि कस्टमचा अधिकारी मुख्यतः त्यावर विसंबून आकारणी करतो. हाताळणी शुल्क सहसा कुरिअरपेक्षा कमी. मात्र फॉर्मवर नुसतं ‘गिफ्ट’ किंवा ‘सामान’ असं मोघम लिहिलं असेल तर पार्सल अडकतं, आणि ते नेमकं कोणाच्या टेबलावर आहे हे कळायला मार्ग नसतो. पुस्तकं, कपडे, घाई नसलेल्या स्वस्त वस्तू यांना टपाल बरं.

कुरिअर कंपनी कस्टमचं काम स्वतःच करते, अनेकदा विमान उतरण्याआधीच. कर आधी ती भरते, मग तुमच्याकडून वसूल करते आणि त्या उपकाराचं शुल्क वेगळं लावते. छोट्या पार्सलला हे शुल्क मूळ करापेक्षाही जास्त भरू शकतं! कुरिअरचा खरा फायदा महागड्या वस्तूंना होतो, कारण इथे बिल पाठवता येतं आणि एचएस कोड, म्हणजे ड्युटी ठरवण्यासाठी मालाच्या प्रकाराला दिलेला क्रमांक, कोणता लावला ते विचारता येतं. या कोडचे पहिले सहा आकडे जगभर समान असतात, पुढचे ज्या त्या देशाचे. कोड चुकला की दरही चुकू शकतो: स्मार्टवॉच दिसायला घड्याळ, पण ते या कोडच्या यादीतल्या घड्याळांच्या ९१ व्या प्रकरणात बसत नाही, ८५१७ या संपर्क-उपकरणांच्या शीर्षकाखाली जातं.

विक्रेता ‘डीडीपी’ देत असेल, म्हणजे सगळे कर खरेदीच्या वेळीच घेत असेल, तर मी थोडे जास्त मोजूनही तेच निवडेन. ‘डीएपी’ असेल तर कर तुमच्या दारात येऊन मागितला जातो. युरोपीय संघाने २२ युरोपर्यंतची व्हॅटमाफी १ जुलै २०२१ पासून काढून टाकली, आणि १५० युरोपर्यंतच्या मालावरचा व्हॅट विक्रेत्याला खरेदीतच घेता येईल अशी सोय केली. अमेरिकेची ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांवरची ड्युटीमाफीही २९ ऑगस्ट २०२५ पासून सर्व देशांतल्या मालासाठी थांबली. तेव्हा ‘ऑर्डर तुकड्यातुकड्यांत मागवा’ हा जुना सल्ला विसरा. एकाच विक्रेत्याकडची लागोपाठची पार्सलं तशीही डोळ्यांवर येतात.

राहिली ओळखीच्या प्रवाशाची बॅग. इथे माफीची मर्यादा पार्सलपेक्षा वेगळी असते. युरोपीय संघात बाहेरून विमानाने किंवा जहाजाने येणाऱ्याला ४३० युरो, जमिनीवरून येणाऱ्याला ३००. एकाच महागड्या वस्तूची किंमत दोघा प्रवाशांत विभागता येत नाही. विकण्यासाठी आणल्यासारखा दिसणारा माल सवलतीत बसत नाही. खोकं फेकून वस्तू ‘वापरलेली’ दाखवण्याचा सल्ला देणारे पुष्कळ भेटतील, पण रेड चॅनलला, म्हणजे विमानतळावरच्या कस्टम तपासणीच्या रांगेत, जाब द्यायला उभा राहतो तो आणणारा. त्याच्याकडे खरं बिल द्या आणि कर लागला तर तो कोण भरणार हे आधीच ठरवा.

कपडे किंवा बूट मागवत असाल तर परतीचे नियमही वाचा. माल परत गेला म्हणून भरलेला कर आपोआप परत येत नाही. बऱ्याच ठिकाणी निर्यातीचा पुरावा जोडून मुदतीत अर्ज करावा लागतो, आणि डीडीपीत कर विक्रेत्याने गोळा केलेला असल्यामुळे तो मागायचाही त्याच्याकडेच.