पूलचे डाग काढून देतो म्हणणाऱ्यापासून सावध राहा

छत्रपती संभाजीनगरमध्ये एक माणूस सोसायट्या आणि फार्महाऊस गाठत फिरतोय. स्विमिंग पूलच्या पाण्याचा रंग आणि टाइल्सवरचे डाग एका धुण्यात घालवतो म्हणतो. आमच्या सोसायटीकडून त्याने ४६ हजार रुपये नेले. आता तो बीड बायपासकडेही दिसल्याचं कळलं, म्हणून तातडीने लिहितेय.

आमचा पूल बोअरच्या पाण्याने भरतो. पडताना पाणी नितळ असतं, पण क्लोरीन टाकलं की काही तासांत कोऱ्या चहासारखं होतं आणि पायऱ्यांवर तांबूस डाग धरतात. हे पाहायला आला तेव्हा त्याने क्लबहाऊसच्या टेबलावर दोन काचेचे ग्लास मांडले. एकात पूलचं पाणी, दुसऱ्यात आरओचं. पिशवीतून एक छोटं यंत्र काढलं. खाली धातूच्या दांड्यांच्या जोड्या, प्रत्येक ग्लासात एक. बटण दाबल्यावर पूलच्या पाण्यात बुडबुडे उठले, मग पाणी हिरवट झालं, मग तपकिरी, आणि बघता बघता वर काळपट गाळ तरंगायला लागला. आरओचं पाणी जसंच्या तसं.

“ताई, ह्या पाण्यात लेकरं उतरवता तुम्ही? फंगस टाइल्सच्या आत शिरलंय.”

लेकरांचं नाव निघाल्यावर कोण थांबणार? पैसे त्याच संध्याकाळी यूपीआयने गेले. बिल मागितलं तर “काम झाल्यावर देतो.”

त्याने पूल रिकामा करवला. १२ मीटर लांब, ६ मीटर रुंद, सरासरी सव्वा मीटर खोल, म्हणजे ९० हजार लिटर पाणी, भर मे महिन्यात नाल्यात सोडलं. टँकरच्या मागे हंडे घेऊन पळणारी माणसं याच शहरात आहेत. मला पैशांपेक्षा त्याचा संताप जास्त येतो. मग लेबल नसलेल्या पांढऱ्या कॅनमधलं ‘इम्पोर्टेड औषध’ ओतून टाइल्स घासल्या. झोंबणारा वास, पांढरा धूर. ते साधं अ‍ॅसिड होतं. डाग गेले, सोबत टाइल्सच्या सांध्यांतलं सिमेंटही खाल्लं गेलं. पूल पुन्हा त्याच बोअरने भरला, क्लोरीन टाकलं, आणि पाणी परत तसंच तांबूस. त्याचा फोन तेव्हापासून बंद आहे.

आमच्या बिल्डिंगमध्ये पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेले एक काका राहतात. ते गावाहून परतल्यावर त्यांनी तसलंच यंत्र मिळवलं आणि आरओच्या ग्लासात चिमूटभर मीठ टाकून बटण दाबलं. तोच काळपट गाळ! यंत्रातल्या लोखंडी दांड्या वीज वाहताना झिजतात आणि त्यांचाच गंज पाण्यात उतरतो. आरओच्या पाण्यात क्षार नसल्यासारखेच, त्यामुळे वीज वाहत नाही आणि ते स्वच्छ दिसतं. पूल घाण आहे की नाही, हे त्यातून कळतच नाही.

खरं कारण त्यांनी बादलीत दाखवलं. पांढऱ्या बादलीत बोअरचं पाणी घेऊन थोडं क्लोरीन टाकलं. पाणी पिवळं पडत गेलं आणि सकाळी तळाशी विटकरी साका बसला होता. बोअरच्या पाण्यात विरघळलेलं लोह क्लोरीनमुळे गंजून बाहेर पडतं, एवढंच. पायरीवरच्या डागावर व्हिटॅमिन सीची गोळी घासली तर तेवढा भाग उजळला. असं झालं तर डाग धातूचा. गोळीने काही होत नसेल आणि क्लोरीनने फिका पडत असेल, तर पानांचा किंवा शेवाळाचा. पाणी हिरवं पण तळ स्पष्ट दिसत असेल तर बहुधा तांबं असतं, आणि ते अनेकदा शेवाळ मारायला टाकलेल्या मोरचुदातून येतं. हिरवं आणि गढूळ असेल तर शेवाळ.

आता पाणी न सोडता काम चाललंय. क्लोरीन खाली आणून अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिडची, म्हणजे व्हिटॅमिन सीची, पूड टाकली, सुटलेलं लोह धरून ठेवणारं रसायन घातलं, आणि पीएच ७.२ ते ७.६ मध्ये आणून क्लोरीन हळूहळू वाढवतोय. तोवर पोहणं बंद. बोअरच्या पाण्यासाठी लोह काढणारा फिल्टर बसवायचाय. कुणी सांगितलं तरी क्लोरीन आणि अ‍ॅसिड एकत्र करू देऊ नका, विषारी वायू तयार होतो.

कॅन आणि यूपीआयची नोंद आम्ही जपून ठेवली आहे आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार केली आहे. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत दाद मागता येते. त्याने तुमच्याकडेही तेच दोन ग्लास मांडले असतील तर आपल्या व्यवहाराची नोंद काढून ठेवा आणि तुम्हीही तक्रार करा.