अबॅकसचा वर्ग : आकडेमोडीसाठी उत्तम, ‘मेंदूविकासा’साठी नव्हे

आमच्या उपनगरातील एका अबॅकस, म्हणजे मण्यांच्या चौकटीवर आकडेमोड शिकवणाऱ्या, वर्गात माझी मुलगी दुसरीत असल्यापासून जाते. शिकवण्याविषयी तक्रारीला जागा नाही. तुकड्या लहान आहेत आणि कोणते मूल कुठे अडते हे बाईंना पाठ असते. वरच्या मण्याची किंमत पाच आणि खालच्या चार मण्यांची प्रत्येकी एक, ही सोरोबान या जपानी अबॅकसची रचना हाताच्या सवयीची झाली की ‘स्मॉल फ्रेंड’ आणि ‘बिग फ्रेंड’, म्हणजे बेरीज पाच व दहा होणाऱ्या आकड्यांच्या जोड्या येतात. पुढे अबॅकस बाजूला ठेवून, मणी मनातच आणून हवेत बोटे नाचवत मुले बेरजा करू लागतात. मुलीचा आकड्यांचा धाक गेला, हे श्रेय निःसंशय वर्गाचेच.

आक्षेप माहितीपत्रकाला आहे. त्यात एकाग्रता, स्मरणशक्ती आणि ‘संपूर्ण मेंदूचा विकास’ यांची हमी दिली आहे, आणि पालक पैसे मोजतात ते बहुधा याच हमीपोटी. बडोद्यात दोनशेच्या आसपास मुलांवर तीन वर्षे चाललेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात काही मुलांना अबॅकस, तर उरलेल्यांना तितकेच तास नेहमीच्या पद्धतीचे जादा गणित शिकवले गेले. अबॅकस शिकलेल्यांची आकडेमोड अधिक सुधारली, मात्र स्मरणशक्तीसारख्या मूलभूत क्षमतांत फरक पडला नाही. त्यातही मण्यांची मांडणी मनात धरून ठेवण्याला लागणारी क्षमता ज्यांच्याकडे मुळात चांगली होती, त्यांनाच या शिक्षणाचा जास्त लाभ झाला. एका विषयाच्या सरावाने बुद्धी सर्वत्र तल्लख होते, या समजुतीला थॉर्नडाइक आणि वुडवर्थ या मानसशास्त्रज्ञांनी १९०१ सालीच तडा दिला होता. माहितीपत्रके छापणाऱ्यांपर्यंत ती वार्ता पोचायची आहे.

वर्गातही हेच दिसते. त्याच बाई, तोच सराव, तरी एखाद्याला मणी डोळ्यांसमोर लख्ख दिसतात आणि एखादा लेव्हल उलटली तरी चाचपडतच राहतो. माझी मुलगी उभी बेरीज झटक्यात करते. शाब्दिक उदाहरणात मिळवायचे की वजा करायचे, यावर मात्र पूर्वीइतकीच अडखळते.

पाचपैकी साडेतीन तारे. सर्व लेव्हलचे शुल्क एकरकमी भरल्यास सवलत मिळते, पण ती घेऊ नये. एकेका लेव्हलचेच पैसे भरावेत आणि मुलाला मनात मणी दिसेनासे झाले, तर त्याला मठ्ठ न ठरवता वर्ग थांबवावा.