मोरोक्को: कुंपण की परवाना?

मोरोक्कोची माणसं कित्येक दशकं फ्रान्स-स्पेनला कामाला जातात, आणि युरोप गाठू पाहणारे आफ्रिकी याच देशात अडकतात. मोरोक्को आणि स्पेनमधली जिब्राल्टरची सामुद्रधुनी सर्वांत अरुंद जागी जेमतेम 14 किलोमीटर रुंद. पलीकडचा किनारा दिसतो! परदेशी लोकांचा प्रवेश आणि चोरून देश सोडणं यांबद्दलचा मोरोक्कोचा 2003 चा 02-03 क्रमांकाचा कायदा दंड, तुरुंग आणि हकालपट्टीची भाषा बोलतो. चोरून देश सोडणारे स्वतःचे नागरिकही त्यातून सुटत नाहीत. उलट 2014 आणि 2016-17 च्या मोहिमांत हजारो परदेशी लोकांना राहण्याचे परवाने मिळाले. मला हाच मार्ग उजवा वाटतो, कारण परवाना असला की उघडपणे काम शोधता येतं. अडचण मुदतीची: सुरुवातीला वर्षभराचाच. कुंपणाचा हिशेब मात्र भीषण. जून 2022 मध्ये मेलिल्याच्या (मोरोक्कोला लागून असलेल्या स्पॅनिश शहराच्या) वेशीवरच्या कुंपणापाशी किमान 23 जण मेले.