थरथरत्या बोटांसाठी आयफोनचं 'टच अकोमोडेशन्स'

हात कापत असेल तर फोन एका स्पर्शाचे तीन स्पर्श मोजतो. त्यावरचा उपाय आयफोनमध्येच आहे, पण पुरता दडवलेला: सेटिंग्ज, अ‍ॅक्सेसिबिलिटी, टच, मग टच अकोमोडेशन्स.

'होल्ड ड्युरेशन' म्हणजे बोट किती वेळ टेकलं की स्पर्श धरायचा. सुरुवात ०.२ सेकंदाने करा. एकदम १ सेकंद ठेवलंत तर फोन बिघडला असंच आजोबांना वाटेल. सोबत 'स्वाइप जेश्चर्स' चालू हवंच, नाहीतर पान सरकवतानाही तेवढंच थांबावं लागतं.

'इग्नोअर रिपीट' म्हणजे लागोपाठचे स्पर्श किती वेळात एकच धरायचे. हा वेळ जपून वाढवा. ओटीपीत ४४ असेल आणि बोट झटपट पडलं, तर दुसरा ४ गळतो.

खरी कमाल 'टॅप असिस्टन्स'ची. त्यात 'फायनल टच लोकेशन' निवडलं की बोट चुकीच्या जागी टेकलं तरी घसरवत योग्य बटणावर आणून उचलायचं. स्पर्श तिथेच धरला जातो. मात्र ठरलेल्या वेळेत उचलायला हवं.

घरात फोन दोघं वापरत असतील तर अ‍ॅक्सेसिबिलिटी शॉर्टकटमध्ये हे घाला. बाजूचं बटण तीनदा दाबलं की चालू-बंद होतं. अर्थात, कापऱ्या हाताला तेही जडच!