निंजा झेडएक्स-१०आर घ्यावी की बीएमडब्ल्यू एस १००० आरआर?

हजार सीसीची सुपरस्पोर्ट घ्यायची म्हटली की आपल्याकडे बोलणं फिरून फिरून या दोन गाड्यांवर येतं. कावासाकीची निंजा चाकणला जुळवली जाते, बीएमडब्ल्यू बर्लिनच्या कारखान्यातून तयार होऊन येते. इथे तुलना केली आहे ती २०२१ पासूनच्या झेडएक्स-१०आरची आणि २०२३ साली बदललेल्या एस १००० आरआरची. जुन्या पिढ्यांचा हिशेब वेगळा आहे.

आधी मत सांगून टाकतो. गाडी बहुतेक वेळ रस्त्यावरच चालणार असेल आणि खिसा तयार असेल, तर बीएमडब्ल्यू. रेस ट्रॅकवर जाऊन नीट शिकायचं असेल, तर कावासाकी घ्या आणि उरलेले पैसे टायर आणि ट्रॅक-डेवर (ट्रॅकवर स्वतःची गाडी चालवायचे दिवस) लावा. बरेच जण याच्या अगदी उलट समजतात. त्यांना वाटतं महागडी जर्मन गाडी ट्रॅकची आणि कावासाकी रोजच्या वापराची. हे उलटं का आहे, ते इंजिन बघितलं की कळतं.

इंजिन: नऊ हजारांच्या खाली काय होतं

कागदावर दोघी बरोबरीच्या आहेत. झेडएक्स-१०आरचं ९९८ सीसीचं इंजिन १३,२०० आरपीएमला २०३ पीएस (मेट्रिक हॉर्सपॉवर) देतं. वेगात रॅम एअरची (समोरून इंजिनात ढकलली जाणारी) हवा मिळाली की कंपनीच्या आकड्यानुसार ते २१३ होतात. टॉर्क ११,४०० आरपीएमला ११४.९ न्यूटन मीटर. एस १००० आरआरचं ९९९ सीसीचं इंजिन १३,७५० आरपीएमला २१० पीएस आणि ११,००० आरपीएमला ११३ न्यूटन मीटर देतं. हा फरक कुणालाही सीटवर बसून ओळखता येणार नाही.

ओळखू येतो तो मधल्या आरपीएमचा पट्टा. बीएमडब्ल्यूच्या इनटेक कॅमशाफ्टवर प्रत्येक व्हॉल्व्हसाठी दोन कॅम (व्हॉल्व्ह उघडणारे उंचवटे) असतात, एक कमी उचल देणारा आणि एक जास्त. हे कॅम शाफ्टवर सरकणाऱ्या बाहीवर बसवलेले आहेत आणि त्या बाहीला तिरक्या खाचा आहेत. नऊ हजार आरपीएमच्या सुमारास एक पिन खाचेत उतरते, बाही बाजूला सरकते आणि व्हॉल्व्हखाली दुसरा कॅम येतो. हे सगळं काही मिलिसेकंदांत होतं. कंपनी याला शिफ्टकॅम म्हणते. याचा फायदा असा की खालच्या आरपीएमसाठी वेगळा कॅम असल्यामुळे वरची ताकद राखताना खालची गमवावी लागत नाही. ५,५०० ते १४,५०० आरपीएमपर्यंत किमान १०० न्यूटन मीटर मिळतात, असा कंपनीचा दावा आहे आणि चालवताना तो पटतो.

कावासाकीकडे असं काही नाही. तिचे कॅम एकाच कामासाठी घासूनपुसून बनवले आहेत आणि ते काम म्हणजे रेस. याच नावाच्या गाडीच्या रेस आवृत्तीवर जोनाथन रे याने २०१५ ते २०२० अशी सलग सहा वर्षं वर्ल्ड सुपरबाइकचं अजिंक्यपद मिळवलं. रस्त्यावर मात्र सहा-सात हजारांखाली ती सभ्य, थोडी थंडच वाटते. आठ-नऊ हजारांनंतर जी उसळी येते, ती वापरायला आपल्या रस्त्यांवर जागाच नाही.

त्यात गियरिंग. दोन्ही गाड्या पहिल्याच गियरमध्ये रेडलाइनपर्यंत (इंजिनच्या कमाल आरपीएमपर्यंत) नेल्या तर ताशी १५०-१६० च्या घरात जातात. म्हणजे ताशी ६० ला पहिल्या गियरमध्ये झेडएक्स-१०आर सव्वापाच हजार आरपीएमच्या आसपास फिरते, बीएमडब्ल्यू पावणेसहा हजारांच्या वर. बीएमडब्ल्यूने २०२३ मध्ये मागचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) ४५ दातांवरून ४६ केलं. कावासाकीनेही २०२१ मध्ये ३९ चं ४१ केलं, तरी तिचं गियरिंग लांबच वाटतं. म्हणून बरेच जण पुढचं १७ दातांचं स्प्रॉकेट काढून १६ चं बसवतात. त्याने गियरिंग सुमारे ६ टक्क्यांनी आखूड होतं आणि घाटात गाडी जागी होते. बदलल्यावर चेन सैल पडते, ती पुन्हा ताणून घ्यावी लागते. अॅक्सल थोडा मागे सरकतो, त्यामुळे व्हीलबेस किंचित वाढतो. लहान स्प्रॉकेटवर चेन जास्त वाकते, म्हणून झीजही थोडी लवकर होते. वॉरंटीत असताना हा बदल करायचा असेल तर शोरूमकडून आधी लेखी विचारून घ्या.

सस्पेन्शन आणि आपले स्पीडब्रेकर

झेडएक्स-१०आरला शोवाचा ४३ मिमीचा बॅलन्स फ्री फोर्क (पुढच्या चाकाचं सस्पेन्शन) आहे. तो हाताने सेट करायचा. एस १००० आरआरचे फोर्क ४५ मिमीचे आणि डीडीसी (डायनॅमिक डॅम्पिंग कंट्रोल) असलेल्या व्हेरियंटमध्ये डॅम्पिंग, म्हणजे स्प्रिंगची हालचाल शमवणं, इलेक्ट्रॉनिक. रोड मोडवर टाकलं की ती खड्डे बऱ्यापैकी गिळते, डायनॅमिकवर टाकलं की घट्ट होते. रोजच्या रस्त्यावर हा मोठा आराम आहे. झेडएक्स-१०आर कंपनीच्या सेटिंगवर शहरात दगडासारखी लागते. कॉम्प्रेशन (फोर्क दबतानाचं डॅम्पिंग) दोन-तीन क्लिक सैल केलं तरी फरक पडतो.

डीडीसीबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. ते फक्त डॅम्पिंग बदलतं. स्प्रिंगचा प्रीलोड (स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची ते) तिथेही पान्यानेच फिरवावा लागतो. त्यामुळे गाडी कुठलीही घेतली तरी सॅग, म्हणजे रायडरच्या वजनाने सस्पेन्शन किती दबतं ते, मोजायला पर्याय नाही. दोघांनी हँडल धरून पुढचं चाक जमिनीवरून सुटेपर्यंत उचला आणि फोर्कच्या सीलपासून (रबरी कड्यापासून) नळीच्या टोकापर्यंतचं अंतर मोजा. मग हेल्मेट, जॅकेट, बूट घालून गाडीवर बसा, पाय पेगवर, तिसऱ्याने गाडी धरायची. तेच अंतर पुन्हा मोजा. दोन्हीतला फरक म्हणजे सॅग. तो पुढे-मागे ३० ते ३५ मिमी हवा. कमी आला तर प्रीलोड सैल करा, जास्त आला तर आवळा. ६०-६५ किलोच्या रायडरला बहुधा सैलच करावा लागतो.

स्पीडब्रेकरची गोष्ट सरळ आहे: दोन्ही गाड्या ठेंगण्या आहेत. झेडएक्स-१०आरचा ग्राउंड क्लिअरन्स १३५ मिमी. उंच स्पीडब्रेकरवर बेली पॅनची (इंजिनखालच्या आवरणाची) मागची कड आणि खालचा एक्झॉस्ट आधी घासतो. ब्रेक लावतच त्यावर चढलात तर फोर्क आधीच दबलेला असतो, म्हणून घासतं. पुढचं चाक टेकायच्या आधी ब्रेक सोडा, फोर्क उघडू द्या, मागचं चाक येताना पेगवर जरा उठा. मागे कुणी बसलं असेल तर घासणारच. तशाही दोन्हींच्या मागच्या सीट नावापुरत्याच आहेत.

सीटची उंची ८३५ आणि ८३२ मिमी, म्हणजे सारखीच. पण वजन कावासाकीचं २०७ आणि बीएमडब्ल्यूचं १९७ किलो. हे दहा किलो वेगात जाणवत नाहीत, पार्किंगमध्ये मागे ढकलताना जाणवतात. ट्रॅकवर मात्र कावासाकीचं हेच वजन आणि तिची भूमिती भरवसा देते. जोरात ब्रेक मारून वळणात घुसताना पुढचं टोक जागचं हलत नाही. ब्रेम्बोचे एम५० कॅलिपर आणि ३३० मिमीच्या डिस्कची पकड बोटाला नीट कळते. शिकणाऱ्याला अशीच गाडी हवी. तिचा स्वभाव दर फेरीला तोच राहतो, त्यामुळे चूक आपली की गाडीची हे लगेच उमगतं.

इलेक्ट्रॉनिक्स

दोन्हींत आयएमयू (गाडीचा कल मोजणारा सेन्सर), कॉर्नरिंग एबीएस, ट्रॅक्शन कंट्रोल, लाँच कंट्रोल आणि दोन्ही बाजूंनी चालणारा क्विकशिफ्टर (क्लच न दाबता गियर वर-खाली करू देणारा) आहे. बीएमडब्ल्यूचा ६.५ इंची स्क्रीन उन्हात अधिक स्पष्ट वाचता येतो. तिचं स्लाइड कंट्रोल हँडलच्या कोनावरून ठरवतं की मागचं चाक किती सरकू द्यायचं. हे कौशल्य रस्त्यावर लागत नाही, आणि पहिल्या वर्षात ट्रॅकवरही लागत नाही. बीएमडब्ल्यूचे काही फीचर व्हेरियंटनुसार बदलतात, त्यामुळे ब्रोशरच्या फोटोवरून नाही, बुक करत असलेल्या व्हेरियंटच्या यादीवरून खात्री करा.

पावसात दोन्ही गाड्या रेन मोडवरच चालवा. आणि दोन्हींत सिग्नलच्या रांगेत क्विकशिफ्टर वापरू नका. कमी आरपीएमला, अर्धवट थ्रॉटलवर गियर झटक्याने पडतो आणि गियरबॉक्सच्या डॉगवर (गियर एकमेकांत अडकवणाऱ्या दात्यांवर) ताण येतो. तिथे क्लचच वापरा.

पैसे

झेडएक्स-१०आर २०१८ पासून भारतात जुळवली जाऊ लागली, तेव्हा किंमत १२.८० लाखांपर्यंत उतरली होती. २०२१ ची पिढी १४.९९ लाखांना आली. एस १००० आरआर पूर्ण आयात होते. डिसेंबर २०२२ मध्ये तिची सुरुवात २०.२५ लाखांपासून झाली आणि वरचे व्हेरियंट २२ ते २४ लाखांत गेले. या सगळ्या एक्स-शोरूम किमती. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीवरच्या मोटरसायकलींना ४० टक्के जीएसटी आहे, त्यामुळे आजचे आकडे वर सरकले आहेत. आयात गाडीचा रोड टॅक्स वेगळा लागू शकतो, म्हणून दोन्हीकडून ऑन-रोड किंमत कागदावर घ्या आणि त्यात विमा कुठला धरला आहे ते बघा. झिरो डेप्रिसिएशन (पार्टचा घसारा न कापणारा) विमा असल्याशिवाय या गाड्या रस्त्यावर आणू नका. उभी गाडी नुसती आडवी झाली तरी फेअरिंग, लिव्हर, पेग आणि इंजिन कव्हर असा खर्च एकदम येतो, आणि आयात पार्टसाठी थांबावं लागलं तर गाडी महिनाभर उभी राहते. ट्रॅकवर रेस करताना झालेलं नुकसान साध्या विम्यात बसत नाही. पहिल्याच आठवड्यात अॅक्सल स्लायडर आणि इंजिन कव्हर गार्ड बसवा.

चालू खर्चात दोघी जवळपास सारख्या आहेत. सुमारे चार लिटर इंजिन ऑइल, पुढे १२०/७० आणि मागे १९०/५५ टायर. बीएमडब्ल्यूची फोर्ज्ड किंवा कार्बन चाकं घेतली तर मागे २००/५५ लागतो आणि तो महाग पडतो. मागचा टायर रस्त्यावर पाच-सहा हजार किलोमीटर गेला तर चांगला गेला म्हणायचं. टायर थंड असताना हवा पुढे ३६ आणि मागे ४२ पीएसआय. ट्रॅकवर यापेक्षा बरीच कमी ठेवतात, नेमका आकडा टायर कंपनीच्या तक्त्यातून घ्या. बीएमडब्ल्यूची सर्व्हिस १०,००० किमी किंवा वर्षाला आणि व्हॉल्व्ह क्लिअरन्स ३०,००० किमीला तपासायचा. हा खर्च लक्षात ठेवा, जुनी गाडी घेताना तर नक्कीच.

अजून एक खर्च उन्हाळ्यातच कळतो. ट्रकमागून उडालेली माती रेडिएटरच्या पात्यांत बसते, पातीही वाकतात, आणि मग सिग्नलला पंखा बंदच होत नाही. रेडिएटरवर जाळी बसवा. आतून बाहेरच्या दिशेने साध्या पाइपने धुवा, प्रेशर वॉशर लावू नका. गाडी दोन-तीन आठवडे उभी राहणार असेल तर बॅटरीला ट्रिकल चार्जर लावा. बीएमडब्ल्यूची एम बॅटरी लिथियमची असते, तिला लिथियमचाच चार्जर हवा. साध्याने ती खराब होते.

कुठे चालवणार, हे आधी लिहून काढा

मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे, वांद्रे-वरळी सागरी सेतू आणि अटल सेतूवर मोटरसायकलला बंदी आहे. मोकळा, रुंद रस्ता म्हणून डोळ्यांसमोर जे येतं, त्यातलं बरंचसं आपल्यासाठी बंद आहे. उरतात जुना महामार्ग, घाट आणि सकाळी सहाची वेळ. ट्रॅक म्हणाल तर चेन्नईजवळचा ३.७ किमीचा मद्रास सर्किट, कोइंबतूरचा करी मोटर स्पीडवे आणि ग्रेटर नोएडाचा ५.१२५ किमीचा बुद्ध सर्किट. पुण्या-मुंबईहून तिथे गाडी टेम्पोत घालून न्यावी लागते. वर्षातून दोनदा तरी हे करणार असाल तर झेडएक्स-१०आरच्या बाजूने मी ठामपणे बोलेन. करणार नसाल तर तिच्या पोटातली अर्धी ताकद कधी बघायलाही मिळणार नाही, आणि बीएमडब्ल्यूचा मधला पट्टा दर रविवारी उपयोगी पडेल.

या निर्णयाला एकच अपवाद आहे. घरापासून बीएमडब्ल्यूचं सर्व्हिस सेंटर दोनशे-तीनशे किलोमीटर लांब असेल आणि कावासाकीचं जवळ, तर कावासाकीच घ्या. नांदेड किंवा रत्नागिरीला राहणाऱ्याने वॉरंटीच्या एखाद्या सेन्सरसाठी गाडी टेम्पोत घालून पुण्याला आणायची, हे दोनदा झालं की हौस फिटते.

आणि आतापर्यंत ३००-४०० सीसीच चालवली असेल, तर यातली कुठलीच सध्या नको. झेडएक्स-६आर जानेवारी २०२४ मध्ये ११.०९ लाखांना आली. तिचं ६३६ सीसीचं इंजिन शिकण्यासाठी भरपूर आहे आणि चूक झाली तर सावरायला क्षणभर जास्त देतं.

टेस्ट राइडला गेलात की शोरूमजवळच्या सरळ रस्त्यावर जोरात पळवून परत येऊ नका. एक फेरी तिसऱ्या गियरमध्ये ताशी ४० वरून हळू थ्रॉटल देत काढा, एका खराब रस्त्यावरून जा, एकदा यू-टर्न घ्या. मग इंजिन बंद करून गाडी स्वतः उताराच्या पार्किंगमधून मागे ओढून बघा. डिलिव्हरीच्या दिवशी चॅसी नंबर देऊन विचारा की या गाडीवर एखादा रिकॉल बाकी आहे का, आणि उत्तर ईमेलवर घ्या.